म्हातारपणीचा विसर आणि डब्यातले शेंगदाणे

वस्तीत आरोग्याची बैठक घेतली की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "ताई, माय लई विसरायली. अक्रोड चालू करू का?" अक्रोडाच्या जागी कधी बदाम असतात, कधी टीव्हीवर जाहिरात येते ती स्मरणशक्तीची पावडर. नांदेडच्या वस्त्यांत विचारतात, लातूरच्या वस्त्यांतही विचारतात. विचारणारी बहुधा लेक नाहीतर सून. ती स्वतः धुणीभांडी किंवा रोजंदारी करणारी. पैसे कुठून आणणार म्हटलं, तर मायच्या श्रावणबाळ योजनेचे महिन्याला जे १,५०० रुपये येतात त्यातून. त्याच १,५०० रुपयांत मायच्या गोळ्या असतात, दवाखान्याचं रिक्षाभाडं असतं, नातवाच्या हातावर ठेवायचे दहा रुपये असतात. म्हणून हा प्रश्न मला खाण्यापिण्याचा किरकोळ प्रश्न वाटत नाही.

उत्तर आधीच सांगते. अक्रोड चांगला आहे, पण त्याच्यासाठी गोळ्यांचे पैसे मोडू नका. अक्रोडाकडून जे काम करून घ्यायचं, त्यातलं बरंचसं आपल्या घरातले शेंगदाणे आणि जवस करतात. आणि जे काम शेंगदाण्यानं होत नाही, ते अक्रोडानंही होत नाही. आता हे नीट उलगडून बघू.

"साठी बुद्धी नाठी" ही म्हण आपण फार सैल तोंडानं वापरतो. चष्मा कुठं ठेवला ते न आठवणं, एखादं नाव जिभेवर येऊन अडणं, हे वयानं होतं. पण रोजच्या गल्लीतून घरी येताना चुकणं, जन्मभर केलेला स्वयंपाक अर्ध्यात सोडून उठणं, जेवण झाल्यावर "मला कुणी जेवायलाच दिलं नाही" म्हणून रडणं, नोटा ओळखू न येणं, हे वयाचं लक्षण नाही. हा आजार आहे. डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणतात, मराठीत स्मृतिभ्रंश. आपल्या देशात साठीपुढच्या माणसांची मोठी पाहणी झाली, तिचे आकडे २०२३ मध्ये आले. साठीच्या पुढे शंभरात साधारण सात जणांना (७.४ टक्के) हा आजार आहे, देशभरात सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त. म्हणजे शंभरातल्या नव्वदांहून जास्त म्हाताऱ्यांना हा आजार नाही. म्हण खोटी पडली.

अभ्यास काय सांगतात

अक्रोडाचा गर मेंदूसारखा दिसतो म्हणून तो मेंदूला चांगला, असं मोबाइलवर फिरत असतं. राजमा किडनीसारखा दिसतो. मग किडनीच्या रुग्णाला राजमा खाऊ घालायचा का? उलट त्याला तो जपून खायला सांगतात. दिसण्यावरून औषध ठरत नाही. माणसांवर अभ्यास करून ठरतं.

असा एक अभ्यास चीनमधल्या ५५ वर्षांपुढच्या ४,८२२ माणसांच्या माहितीवर झाला. जे रोज १० ग्रॅमपेक्षा जास्त दाणे खात, त्यांच्यात विचारशक्ती आणि स्मरणशक्ती खालावलेली असण्याची शक्यता न खाणाऱ्यांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी दिसली. ही माणसं खात होती ते बहुतेक शेंगदाणेच. १० ग्रॅम म्हणजे आपले पंचवीस-तीस दाणे, एवढंच.

ही बातमी वर्तमानपत्रांत आली तेव्हा मलाही बरं वाटलं. पण अशा अभ्यासात एक अडचण असते. ज्याच्या घरी रोज दाणे खायला असतात त्याच्या घरी बाकीचंही जेवण बरं असतं, हातात चार पैसे असतात, दवाखाना जवळ असतो. मग बुद्धी टिकली ती दाण्यांमुळे की घरच्या बऱ्या परिस्थितीमुळे? हे ओळखायला चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करावे लागतात, एकाला दाणे द्यायचे, दुसऱ्याला नाही. स्पेनमध्ये बार्सिलोनाला असं झालं. ४४७ वयस्कर माणसांतल्या एका गटाला भाजीपाला, डाळी, मासे अशा जेवणासोबत रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम, हेझलनट असा सुकामेवा दिला, दुसऱ्याला ऑलिव्हचं तेल दिलं, तिसऱ्याला फक्त तेल-तूप कमी खायला सांगितलं. काही वर्षांनी सुकामेव्याच्या गटाची स्मरणशक्ती तिसऱ्या गटापेक्षा चांगली निघाली. हे निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आले.

पुढे फक्त अक्रोडाचीच परीक्षा घेतली. बार्सिलोना आणि अमेरिकेतलं लोमा लिंडा, दोन्हीकडे मिळून सातशेच्या वर माणसं, वय ६३ ते ७९, दोन वर्षं रोज अक्रोड. निकाल २०२० मध्ये आला: सगळ्यांचा एकत्र हिशोब केला तर बुद्धीवर ठळक फरक दिसला नाही. फक्त बार्सिलोनाच्या गटात, जिथं शिकलेली माणसं कमी आणि सिगारेट ओढणारी जास्त होती, तिथं थोडा फायदा दिसल्याची चिन्हं होती. म्हणजे आधीच सगळं बरं असलेल्याला अक्रोडानं आणखी काय मिळणार? ज्याचं जेवण तोकडं, ज्याच्या रक्तवाहिन्यांवर ताण, त्याला दाण्यांचा उपयोग जास्त होत असावा, असा माझा कयास आहे. आपल्या वस्त्या याच दुसऱ्या बाजूला येतात.

राहिली पावडर आणि गोळ्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये या विषयावर मार्गदर्शन काढलं. बुद्धी टिकावी म्हणून बी किंवा ई जीवनसत्त्वाच्या, ओमेगाच्या गोळ्या घ्या, अशी शिफारस करता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. समतोल जेवणाची शिफारस मात्र केलीय. तेव्हा डब्यावर मेंदूचं चित्र असलेली पावडर दुकानातच राहू द्या.

दाणे करतात तरी काय

मेंदू आपल्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूतला पाचवा हिस्सा एकटा खातो. तो पोचवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या बीपीनं, साखरेनं, चरबीनं खराब झाल्या की मेंदूचा एकेक कोपरा उपाशी पडतो. कुणाला एकदम अर्धांगवायूचा झटका येतो, कुणाची बुद्धी कळत-नकळत मंद होत जाते. शेंगदाणा, बदाम, अक्रोड, तीळ, यांतलं तेल रक्तातली वाईट चरबी कमी करणारं आहे. म्हणून दाण्यांचा मेंदूला होणारा उपकार बराचसा रक्तवाहिन्यांच्या वाटेनं येतो.

शेंगदाण्याला गरिबाचा बदाम म्हणतात, ते मला आवडत नाही. बदामाची पायरी वर कशाला? प्रथिनं शेंगदाण्यात बदामापेक्षा कमी नाहीत, थोडी जास्तच आहेत. फोलेट आणि नायसिन ही बी गटातली दोन जीवनसत्त्वं बदामापेक्षा कितीतरी जास्त आहेत. ई जीवनसत्त्वात बदाम पुढे आहे, ते मान्य. ओमेगा-३ मात्र शेंगदाण्यात जवळपास नाहीच. अक्रोडाचं नाव त्यासाठीच घेतात. पण जवसात ते अक्रोडाच्या दुपटीहून जास्त असतं. जवस आपल्या मातीतला. लातूरच्या तेलबिया संशोधन केंद्रानं त्याचं 'एलएसएल-९३' हे वाणही काढलंय. शेंगदाणा आणि जवस एकत्र आले की अक्रोडाची उणीव भासत नाही, आणि किमतीत तर कितीतरी पटींचा फरक.

यातल्या नायसिनची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती ज्वारी खाणाऱ्या दख्खनच्या मजुरांची आहे. पेलाग्रा नावाचा आजार आहे. उन्हात उघडी राहणारी मानेची, हातांची कातडी काळी पडून सोलते, जुलाब लागतात, आणि पुढे माणूस भ्रमिष्ट होतो. अमेरिकेच्या दक्षिणेत शंभर वर्षांपूर्वी मका खाऊन जगणाऱ्या गरीब शेतमजुरांत आणि गिरणी कामगारांत तो इतका होता, की लोक त्याला साथीचा रोग समजत. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरनं दाखवून दिलं की हा जंतूचा नाही, निकस जेवणाचा रोग आहे. तोच आजार आपल्याकडे ज्वारीवर जगणाऱ्यांत दिसला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या डॉ. सी. गोपालन यांनी त्याचा माग काढून १९६० मध्ये मांडलं, की ज्वारीतलं ल्युसिन नावाचं द्रव्य जास्त झालं आणि सोबत दुसरं काही नसलं, की शरीरातलं नायसिनचं गणित बिघडतं. हैदराबाद आपल्याला परकं नाही. १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर निजामाच्याच राज्यात होते.

यावरून ज्वारी वाईट असा अर्थ काढू नका. ज्वारीची भाकर उत्तमच. नुसती भाकर आणि मीठ-मिरची, हे वाईट. भाकरीवर शेंगदाण्याची चटणी, कारळाचा नाहीतर जवसाचा कूट, वाटीभर दाळ, हे आलं की नायसिन भरून निघतं. आज पेलाग्रा क्वचितच दिसतो, दिसला तर बहुधा जेवण सोडून दारू पिणाऱ्यांत. पण जेवण निकस झालं की डोकंही बिघडतं, हे त्यानं शिकवलं.

कूट ताटातून गेला कुठं?

आमच्या आजीच्या पिढीला हे सगळं कुणी शिकवलं नव्हतं. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म'मध्ये मराठवाड्यातल्या आपल्या लोकांच्या खाण्याची नोंद करून ठेवलीय, ते पुस्तक मिळालं तर जरूर वाचा. शेतात भुईमूग, तीळ, कारळ, जवस, करडई असायची. शेंगा काढायला गेलेल्या बाईला मजुरीत शेंगांचा वाटा मिळायचा. रान मोकळं झालं की लेकरं-म्हाताऱ्या सरवा वेचायच्या. पुढे सोयाबीन आलं आणि रानंच्या रानं पिवळी झाली. सोयाबीन कापायला उक्तं मिळतं, रोख मिळतं, पण त्यातलं मूठभर ओच्यात बांधून आणून चुलीवर भाजून खाता येत नाही. तेव्हा "आपल्या लोकांना पोषण कळत नाही" असं कुणी भाषणात म्हटलं की माझं डोकं तापतं. रेशनवर गहू-तांदूळ मिळतात, शेंगदाणा मिळत नाही. तो मोंढ्यातून विकतच आणावा लागतो.

एक किलो शेंगदाणे एका म्हाताऱ्या माणसाला रोज २५ ग्रॅम दिले तर चाळीस दिवस जातात. एवढं बहुतेक घरांना जमावं. बिस्किटाचे पुडे आणि कुरकुरे यांवरचा खर्च एकदा लिहून बघा, बहुतेक त्यातच निघतो.

आता खायचं कसं. दाणे भाजा, पण जाळू नका. टरफल पूर्ण पाखडू नका, त्यातही गुण आहे. मीठ लावलेले खारे दाणे बीपीवाल्याला नकोत, चिक्की शुगरवाल्याला नको. नुसते दाणे मात्र शुगरवाल्यानंही खावेत, त्यानं साखर एकदम चढत नाही. रोज मूठभर पुरे. दाण्यात तेल भरपूर आहे, म्हणून भाजीत कूट घातला की फोडणीचं तेल कमी करा, नाहीतर वजन वाढेल. जवस अख्खे गिळले तर तसेच बाहेर पडतात. भाजून कुटूनच खावेत, दिवसाला एक-दोन चमचे, आणि वर पाणी भरपूर. कूट आठवड्यापुरताच करा, जास्त दिवस राहिला की खवट होतो.

आपल्या कितीतरी आज्या मिश्री लावून लावून पन्नाशीतच बोळक्या झाल्या. त्यांच्यापुढे दाणे ठेवून "खा" म्हणणं म्हणजे थट्टा. त्यांना बारीक कूट दाळीत, भाजीत, ताकात घालून द्या, नाहीतर शेंगा मऊ उकडून. ज्यांना अर्धांगवायू झालाय, पाणी पितानाही ठसका लागतो, त्यांना अख्खा दाणा कधीच देऊ नका. तो श्वासनळीत अडकतो. वॉर्डात काम करताना अशी धावपळ मी पाहिलीय. पाच वर्षांखालच्या लेकरांनाही हेच लागू. किडनीचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि दाण्यांनी अंगावर पित्त उठत असेल किंवा दम लागत असेल, तर ते बंदच.

मोंढ्यात स्वस्तात फुटके, सुरकुतलेले, बुरशीनं काळे-हिरवे पडलेले दाणे मिळतात. ते फुकट मिळाले तरी आणू नका. त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन हे विष असतं, त्यानं यकृताचा कॅन्सर होऊ शकतो. घरी भाजल्यानं ते पुरतं जात नाही. मूठभर दाण्यांत एक कडू लागला तर थुंका, गिळू नका. निवडून, सुकवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

दाण्यांच्या आवाक्याबाहेरचं

आता मूळ प्रश्नाकडे. माय विसरायली, तर काय करायचं?

आधी तिचं बीपी आणि साखर तपासा. जगभरातल्या तज्ज्ञांच्या लॅन्सेट आयोगानं २०२४ मध्ये १४ कारणं सांगितली. ती सगळी टाळता आली तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टळतील किंवा त्यांचा आजार लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात बीपी आहे, शुगर आहे, चरबी आहे, तंबाखू-सिगारेटचा धूर आहे, दारू आहे, डोक्याचा मार आहे, ऐकू न येणं, नीट न दिसणं, उदासी, एकटेपणा आहे. चीनच्या ३२६ खेड्यांत जवळपास ३४ हजार बीपीच्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. अर्ध्या गावांत, तिथल्याच साध्या शिक्षणाच्या आरोग्यसेवकांनी बीपीच्या गोळ्या नेमानं चालू ठेवल्या. चार वर्षांत त्या गावांमध्ये स्मृतिभ्रंश इतर गावांपेक्षा १५ टक्क्यांनी कमी झाला. हे २०२५ मध्ये जाहीर झालं. कुठल्याही सुकामेव्याच्या नावावर असा निकाल नाही. आपल्याकडे हेच काम आशाताई करू शकतात. गोळ्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. "बरं वाटतंय म्हणून गोळी सोडली" हे मी आठवड्यातून चारदा ऐकते. बीपीची गोळी बरं वाटण्यासाठी नसते. आणि शुगर आहे म्हणायला लाजणाऱ्यांना सांगते, बाबासाहेबांनाही मधुमेह होता.

त्या १४ कारणांत पहिलं आहे लहानपणी शिक्षण न मिळणं. शिकलेल्या मेंदूकडे जादा शिल्लक राहते, आजार आला तरी तो काही काळ तग धरतो. १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं. पण त्याच काळात जन्मलेल्या, शेण काढणाऱ्या, लहान भावंडं सांभाळणाऱ्या आमच्या मुली शाळेच्या पायरीपर्यंतही पोचल्या नाहीत. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेल्या. आज त्या सत्तरीच्या पुढे आहेत, आणि विसरायल्या म्हणून घरात बोलणी खातात. ही त्यांची चूक नाही, हे निदान त्यांच्या लेकांनी तरी लक्षात ठेवावं. तपासणीतही हे ध्यानात ठेवावं लागतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईला "वाक्य लिहून दाखवा" म्हणून तपासलं तर ती नापास होणारच. डॉक्टरांना आधी सांगा की ती शिकलेली नाही, आणि ती रोजची कामं पूर्वी कशी करायची, आता कशी करते, ते सांगा.

काही विसर बरा होणारा असतो, तो ओळखण्यासाठीही तपासणी हवीच. बी-१२ कमी पडलं की विसर पडतो, हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो. बी-१२ कोणत्याच दाण्यात नाही. ते अंडी, मासे, मटण, दुधात असतं. २०१५ च्या कायद्यानंतर आपल्या ताटातलं स्वस्त मटण कमी झालं, पण अंडं आणि गोदावरी-मांजरेतली लहान मासळी तरी सोडू नका. शुगरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होऊ शकतं. गोळी बंद करू नका, रक्त तपासून घ्या. थायरॉइडनं विसर पडतो. कर्ता मुलगा गेल्यावर, घर सुटल्यावर येणाऱ्या उदासीनंही पडतो. ऐकू येत नसलं तर माणूस बोलणंच सोडतो, आणि घरचे म्हणतात डोकं गेलं. ६५ वर्षांपुढच्यांना श्रवणयंत्र, चष्मा अशा साधनांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकदा ३,००० रुपये मिळण्याची सोय २०२४ मध्ये झालीय, तिची चौकशी करा. वर्षावासातल्या ग्रंथवाचनाला आजीला सोबत न्या, पुढच्या रांगेत बसवा, म्हणजे ऐकूही येईल आणि चार माणसं बोलतीलही.

तपासणीला नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाता येतं, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत. मेडिसिन किंवा मानसोपचार विभागात दाखवा. मानसोपचार म्हटलं की घाबरायचं कारण नाही. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घाला, झोपेच्या गोळ्याही, कारण त्यांच्यामुळेही माणूस भांबावतो. घरबसल्या विचारायचं असेल तर टेलिमानस १४४१६ हा फुकट फोन आहे, ज्येष्ठांसाठी १४५६७.

आणि एक वेगळी गोष्ट. काल-परवापर्यंत ठीक असलेलं माणूस दोन दिवसांत एकदम बरळायला लागलं, ओळखेना, दिवसा झोपून रात्री उठून बसायला लागलं, तर तो स्मृतिभ्रंश नव्हे. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, अंगातलं मीठ किंवा साखर कमी होणं, नाहीतर पडून डोक्यात रक्त साकळणं, असं काहीतरी आत चाललेलं असतं. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं जड झालं तर तो झटका. अशा वेळी दाणे नाहीत, घरगुती उपाय नाहीत, सकाळची वाट बघणं नाही. १०८ ला फोन करायचा.